‘मध्यपूर्व’ कोणाच्या पूर्वेला? : मानवशास्त्र, राजकारण आणि वाळवंटातील कविता

व्हॅलेंटाइन चिरोल हे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते लोकमान्य टिळकांच्या चरित्रामुळे. लंडनच्या ‘टाइम्स’च्या परराष्ट्र विभागाचा हा प्रमुख. त्याचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरविणारे पुस्तक ते हेच. मंडालेहून परतल्यावर टिळकांनी चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, त्यासाठी १९१८ मध्ये ते विलायतेस गेले आणि १९१९ च्या फेब्रुवारीत दावा हरले. चिरोलने आरोप म्हणून वापरलेले शब्द पुढे आपण पदवी म्हणून स्वीकारले आणि पाठ्यपुस्तकांत छापले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

याच चिरोलची दुसरी कामगिरी आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. अमेरिकन नौदलाचा अधिकारी आणि इतिहासकार आल्फ्रेड मॅहन याने १९०२ मध्ये लंडनच्या एका मासिकात इराणच्या आखाताविषयी लेख लिहिला आणि त्या परिसराला ‘मिडल ईस्ट’ म्हटले. चिरोलने तो शब्द उचलला, ‘टाइम्स’मध्ये त्यावर लेखमाला लिहिली आणि १९०३ मध्ये तिचे पुस्तक केले. पुस्तकाच्या शीर्षकाचा उत्तरार्ध बोलका आहे : हिंदुस्थानच्या संरक्षणाचे काही राजकीय प्रश्न. म्हणजे ज्या भूभागाला आज सारे जग ‘मध्यपूर्व’ म्हणते, त्याला हे नाव मिळाले ते हिंदुस्थानकडे येणारी वाट सुरक्षित कशी ठेवावी या विवंचनेतून. तेथे राहणारी माणसे या नामकरणात कोठेही नव्हती. लंडनच्या खिडकीतून जे पूर्वेला दिसले ते पूर्व झाले. पुण्यामुंबईहून पाहिले तर अरबस्तान पश्चिमेलाच आहे. भारत सरकारच्या भाषेत तो ‘पश्चिम आशिया’ आहे. तरीही आपल्या बोलण्यात ‘मध्यपूर्व’च येते, कारण त्या प्रदेशाकडे पाहण्याची खिडकीही आपण बरेचदा उसनी घेतलेली असते.

ज्या शास्त्राचा दावाच मुळी ‘आम्ही तेथे जाऊन राहतो, त्यांची भाषा शिकतो, त्यांचे ऐकतो’ असा आहे, त्या मानवशास्त्राने या प्रदेशाचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण आधी आपल्या स्वतःच्या अरबी ओळखीकडे वळू.

आपली ओळख

मराठी वाचकाची अरबांशी वाङ्मयीन भेट झाली ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’मधून. शीर्षकात अरबी भाषा असली तरी हे भाषांतर इंग्रजीवरून झालेले होते. भाषांतराचे मोल त्यामुळे कमी होत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याला त्याने दिलेला ओघ सर्वश्रुत आहे. पण अरब माणूस आपल्यापर्यंत पोहोचला तो इंग्रजांनी निवडलेल्या वेषात, हेही खरे. खलिफा, हबशी गुलाम, जादूचा दिवा, पडद्याआडची सुंदरी हे त्याचे नेपथ्य. गेल्या काही दशकांत त्याच्या शेजारी दुसरे नेपथ्य उभे राहिले : तेल, बुरखा, बंदूक. पहिल्यात मोह आहे आणि दुसऱ्यात भीती, इतकाच फरक. साधे बोलणारा, साधे रडणारा माणूस दोन्हींत आढळत नाही.

वास्तविक आपला संबंध याहून कितीतरी जवळचा होता. येमेनमधील एडन हे बंदर ब्रिटिशांनी १८३९ मध्ये जिंकले ते मुंबई सरकारमार्फत, आणि पुढे सुमारे नव्वद वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. वासुदेव बळवंत फडके यांना ठेवले ते एडनच्या तुरुंगात. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत तेथेच झाला. आखातातील संस्थानांत भारतीय रुपया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चलनात होता. रत्नागिरी-रायगडकडच्या किती घरांची चूल आखातातील मजुरीवर पेटली, हे कोकणात कोणालाही विचारावे. इतकी ये-जा असूनही एडन आपल्या स्मरणात केवळ एक तुरुंग म्हणून उरले. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे कोण राहत होते, ते काय गात होते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाला पडला नाही.

मानवशास्त्राचे दोन हात

प्रदेश जाणून घेण्याची गरज जेव्हा राज्यकर्त्याची असते तेव्हा ज्ञानाच्या हातात मोजपट्टी येते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांचे उदाहरण यासाठी उद्‌बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात ते लिबियाच्या पूर्वभागात, म्हणजे सिरेनाइकात, ब्रिटिश लष्करी प्रशासनाचे राजकीय अधिकारी होते. त्या अनुभवातून १९४९ मध्ये त्यांचा सनुसी पंथावरील ग्रंथ आला. मुहंमद बिन अली अस्-सनुसी या अल्जिरियात जन्मलेल्या धर्मपुरुषाने १८४३ मध्ये सिरेनाइकातील आपला पहिला मठ स्थापन केला. बदाउनी टोळ्यांच्या मुलखात असे मठ पसरत गेले, त्यांतून टोळ्यांना एकत्र बांधणारा धागा तयार झाला, आणि १९११ मध्ये इटलीने आक्रमण केले तेव्हा त्याच धाग्याने प्रतिकार उभा केला. या लढ्याचा वृद्ध सेनानी उमर अल्-मुख्तार याला इटालियनांनी १९३१ मध्ये फाशी दिले. त्याआधी बदाउनी कुटुंबे कुरणांवरून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली होती, तेथे माणसे हजारोंनी मेली.

हा ग्रंथ वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. लेखक साम्राज्याचा अधिकारी आहे. आणि तरीही ज्यांना इटालियन कागदपत्रे दरोडेखोर म्हणत होती त्यांना तो इतिहास असलेला, राजकारण जाणणारा समाज म्हणून उभा करतो. आपल्याकडील ब्रिटिशकालीन गॅझेटियर वाचणाऱ्याला ही द्विधा नवी नाही. १९७३ मध्ये तलाल असद यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने मानवशास्त्र आणि वसाहतवाद यांच्या संबंधाचा प्रश्न थेट विचारला, आणि पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ने तो साहित्याच्या वर्गात आणून ठेवला.

विलक्षण योगायोग असा की असद यांचा ग्रंथ आला त्याच १९७३ साली राफाएल पटाई यांचे ‘द अरब माइंड’ हेही पुस्तक आले. मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या कोट्यवधी माणसांना एकच ‘मन’ आहे, ते बालसंगोपन, भाषेतील अतिशयोक्ती, लज्जा आणि लैंगिकता यांतून घडते, अशी त्याची धारणा. अबू घरैब तुरुंगातील छळाची छायाचित्रे २००४ मध्ये उजेडात आली तेव्हा पत्रकार सेमूर हर्श यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिले की इराक युद्धापूर्वी वॉशिंग्टनच्या युद्धसमर्थक वर्तुळात अरबांच्या वर्तनाविषयी बोलताना याच पुस्तकाचा आधार घेतला जात असे. येथे ‘संस्कृती’ या शब्दाचे काय झाले ते नीट पाहावे. माणसाला नग्न करून त्याच्यावर कुत्रे धावून घातले, तर अपमान वाटण्यासाठी तो अरब असावा लागत नाही. पण ‘त्यांच्या संस्कृतीत लज्जा फार’ असे एकदा म्हटले की चर्चा छळ करणाऱ्याकडून छळ सोसणाऱ्याच्या स्वभावाकडे वळते. पुढे २००७ पासून अमेरिकी सैन्याने समाजशास्त्रज्ञांना तुकड्यांसोबत इराक-अफगाणिस्तानात पाठविण्याचा कार्यक्रमच चालविला. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने त्याच वर्षी त्याला विरोध नोंदविला, आणि २०१४ मध्ये तो बंद झाला. ज्यांचा विश्वास संपादन करून ऐकायचे त्यांची माहिती बंदूकधाऱ्याच्या हाती जाणार असेल, तर ऐकणे आणि हेरगिरी यांतील सीमा उरत नाही, हा त्या विरोधाचा गाभा होता.

वाळवंटातील दोन ओळी

असे असताना याच शास्त्रातून दुसरी वाट निघाली, आणि ती कवितेतून निघाली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात घ्यावे.

लैला अबू-लुघोद १९७८ मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात अवलाद अली या बदाउनी समाजात राहावयास गेल्या. त्यांचे वडील इब्राहिम अबू-लुघोद हे नामवंत पॅलेस्टिनी अभ्यासक. मुलीला पोहोचवायला तेही सोबत गेले. एका आधुनिक संशोधक तरुणीला वडिलांनी सोडायला येणे प्रथम संकोचाचे वाटले. पण वडिलांसोबत आलेली मुलगी ही कोणाची तरी लेक असते, ती वाऱ्यावरची नसते, असे त्या समाजाने मानले आणि घराचे दार उघडले. संशोधकाने आपण कोण म्हणून आत जातो यावर त्याला काय दिसणार हे ठरते, हा धडा त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला.

त्या कविता गोळा करायला गेल्याच नव्हत्या. स्त्रीपुरुषसंबंध आणि नातेसंबंध हा त्यांचा विषय. पण रोजच्या बोलण्यात मध्येच बायका ‘घिन्नावा’ म्हणत. घिन्नावा म्हणजे छोटे गाणे. जेमतेम दोन ओळींचे, जपानी हायकूच्या आकाराचे. हळूहळू एक विसंगती ध्यानात आली. अवलाद अलींच्या सार्वजनिक वागण्याचा कणा म्हणजे मानमर्यादा : कोणापुढे वाकायचे नाही, दुःख दाखवायचे नाही, कोणाची गरज आहे असे भासू द्यायचे नाही. नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिली म्हणणार, मला त्याचे काय! आणि मग तीच स्त्री, जवळच्या माणसांत, चूल पेटवताना किंवा काही विणताना, अशा दोन ओळी म्हणणार की ज्यांत निराशेशिवाय काही नाही. पुरुषही याला अपवाद नव्हते. तोंडाने राग, कवितेत वियोग.

यातील खरे कोणते? बोलणे खोटे आणि कविता खरी, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अबू-लुघोद तो टाळतात, आणि ‘व्हेल्ड सेंटिमेंट्स’ (१९८६) या त्यांच्या ग्रंथाचे मोठेपण मला त्यातच दिसते. दोन्ही त्या समाजाच्याच भाषा आहेत. एकाच माणसाला दोन्ही लागतात. कविता परंपरेने आलेली असल्यामुळे ‘हे माझे नव्हे, हे तर जुने गाणे’ असा आडोसा तिला मिळतो. आणि जो माणूस एरवी मानी आहे त्याच्याच तोंडी ती हलवून सोडते. ज्याला सोसण्यासारखे काही नाही किंवा जो ते लपवत नाही त्याच्या कवितेला ते वजन येत नाही.

मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आठवल्याशिवाय राहणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. सासरचा जाच, बापाची माया, विठ्ठलाशी चाललेला संवाद हे सारे जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलले गेले. पण साम्य दिसले म्हणून दोहोंना एका साच्यात घालू नये. ओवी श्रमाच्या लयीवर उभी आहे, घिन्नावा मानाच्या ताणावर. तुलनेचा उपयोग एवढाच की ‘बुरख्याआडची मुकी स्त्री’ हे चित्र अवलाद अलींपुरतेही टिकत नाही हे आपल्याला आतून पटते; कारण आपल्या आज्याही मुक्या होत्या असे पुष्कळ दिवस समजले जात होते.

पुढे १९९० च्या सुमारास याच लेखिकेने आपल्या प्रतिपादनात स्वतःच दुरुस्ती केली. स्त्रियांच्या प्रत्येक गाण्यात बंड शोधणे हाही एक रोमँटिक छंद असू शकतो, असे त्यांनी लिहिले. तरुण मुली थोरांचा विरोध पत्करून सौंदर्यप्रसाधने आणि तलम कपडे घेऊ लागल्या, तेव्हा घराच्या सत्तेतून सुटताना त्या बाजाराच्या सत्तेत शिरत होत्या. कॅसेट आली आणि प्रेमगीत तरुण पुरुषांच्या आवाजात विकले जाऊ लागले. म्हणजे वाळवंटही बदलत होते. ‘त्यांची संस्कृती’ हजार वर्षे एका जागी बसलेली नव्हती.

फर्मान नसलेल्या प्रदेशात शब्द

घिन्नावा घरातली, येमेनमधील ‘झामिल’ मात्र चव्हाट्यावरची. स्टीव्हन केटन १९७९ ते १९८१ या काळात साना शहराच्या पूर्वेकडील खौलान या टोळ्यांच्या मुलखात राहिले, आणि १९९० मध्ये त्यांचा येमेनी टोळ्यांच्या कवितेवरील ग्रंथ आला. लग्नाच्या रात्री पुरुष गोल करून आळीपाळीने तत्काळ रचतात ती ‘बाला’. एका कवीने सावकाश बांधलेला दीर्घ ‘कसीदा’. आणि दोन ओळींची, जथ्याने चालत येताना एका आवाजात म्हणायची ती ‘झामिल’. दोन टोळ्यांत तंटा झाला की मध्यस्थांचे जथे येतात ते झामिल म्हणत. आपण का आलो, काय मागतो, कोणाचा मान राखतो, हे त्या दोन ओळींत बसवावे लागते, आणि समोरचा पक्ष त्याच वृत्त-यमकात उत्तर देतो.

हे असे का? केटन यांचे उत्तर राजकीय आहे. टोळीचा शेख हुकूम सोडू शकत नाही. प्रत्येक बंदूकधारी स्वतःला दुसऱ्याच्या बरोबरीचा मानतो. जेथे फर्मान चालत नाही तेथे मन वळवावे लागते, आणि मन वळविण्याचे सर्वांत प्रतिष्ठेचे साधन कविता. टोळी म्हणजे रक्तपात हे समीकरण मनात धरून गेलेल्या वाचकाला येथे दिसते ते वादविवादाचे, शब्दाच्या अब्रूचे राजकारण. कवितेचा सामाजिक संदर्भ हा विषय आपण वर्गात शिकवितो तो बहुधा परिशिष्टासारखा. येथे कविता हीच सामाजिक कृती आहे.

मात्र येथेही गोड शेवट नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी सानावर ताबा मिळविला, मार्च २०१५ पासून सौदी नेतृत्वाखालील आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले, आणि त्या युद्धात झामिल हूथींच्या प्रचाराचे प्रभावी शस्त्र बनली. ध्वनिमुद्रित, चित्रफितींसह, घरोघर पोहोचणारी. तंटा मिटवायला निघालेल्या जथ्याच्या ओळी युद्धाला पाठविणाऱ्या झाल्या. हे येमेनी ‘मनाने’ केले, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यासाठी राज्यसंस्थेचे कोसळणे, शेजाऱ्यांचा हस्तक्षेप आणि बाहेरून आलेली शस्त्रे बाजूला सारावी लागतील.

आपण जेव्हा पाहणारे होतो

या इतिहासात एक भारतीय पानही आहे. अमिताव घोष ऑक्सफर्डचे विद्यार्थी म्हणून १९८० मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यात मानवशास्त्राच्या क्षेत्राभ्यासासाठी गेले. प्रश्न विचारायला गेलेल्या या तरुणालाच गावाने प्रश्न विचारले : तुम्ही मेलेल्यांना जाळता? गाईला पुजता? सुंता करत नाही? ‘इन अॅन अँटिक लँड’ (१९९२) या त्यांच्या पुस्तकात गावच्या इमामाशी झालेल्या भांडणाचा प्रसंग आहे. वाद धर्माचा सुरू होतो आणि येऊन ठेपतो तो बंदुका, रणगाडे नि बॉम्ब कोणाच्या देशात अधिक चांगले यावर. दोन प्राचीन संस्कृतींचे दोन प्रतिनिधी एकमेकांची उंची मोजायला पाश्चात्त्य शस्त्रांची पट्टी घेतात, याची शरम लेखकाला नंतर जाणवते.

त्या शरमेसमोर पुस्तकात दुसरी कथा उभी आहे. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी मंगळुरात राहून एडनच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करीत होता. ती पत्रे कैरोच्या एका सिनेगॉगच्या कोठारात शतकानुशतके पडून होती. मंगळूर-एडन-कैरो असा एक जिवंत रस्ता होता आणि त्यावर माणसे, मिरी, पत्रे आणि नाती ये-जा करीत होती. चिरोलने ज्या समुद्राला हिंदुस्थानच्या संरक्षणाचा प्रश्न म्हटले, तो त्यापूर्वी कित्येक शतके शेजाऱ्यांचा समुद्र होता. पुस्तकाच्या अखेरीस मात्र १९९० आहे : कुवेतचे युद्ध उभे राहिले आहे, इजिप्तचे मजूर इराकमधून परतत आहेत, दूरचित्रवाणीवर गर्दी दिसते आहे, आणि बगदादला कामाला गेलेला गावचा नबील त्या गर्दीत सापडत नाही.

समजून घेणे म्हणजे समर्थन का?

शेवटी एक आक्षेप, जो माझ्या विद्यार्थिनी दरवर्षी घेतात आणि तो घ्यायलाच हवा. हे सारे समजून घेतले, तर तेथील स्त्रीवर होणाऱ्या अन्यायाविषयी बोलायचेच नाही का?

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नभोवाणीवरून अफगाण स्त्रियांच्या मुक्ततेशी युद्धाची सांगड घातली. त्यावर अबू-लुघोद यांनी २००२ मध्ये लेख लिहून विचारले की मुस्लिम स्त्रियांना खरोखर कोणी ‘वाचविण्याची’ गरज आहे का. इजिप्तवर राज्य करणारा लॉर्ड क्रोमर तेथील पडद्यावर टीका करीत असे आणि इंग्लंडात परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे नेतृत्व करी, हा इतिहास त्या चर्चेत पुन्हा पुढे आला. ऑगस्ट २०२१ मध्ये वीस वर्षांच्या युद्धानंतर तालिबान परतले आणि मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. तो अन्याय आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण वीस वर्षे बाहेरच्या सैन्याने ‘संस्कृती’शी लढा दिला असे म्हणणाऱ्यांना हे का झाले याचे उत्तर देता येत नाही, त्यासाठी १९७९ पासूनचे युद्ध, निर्वासितांच्या छावण्या, पैसा आणि शस्त्रे यांचा हिशेब मांडावा लागतो. अन्यायाला नाव देण्यासाठी इतिहास सोडावा लागत नाही. उलट तो सोडला की अन्याय करणाऱ्याला ‘ही आमची संस्कृती’ असे म्हणून सुटता येते, आणि आक्रमण करणाऱ्याला ‘ही त्यांची संस्कृती’ असे म्हणून.

आपल्या अभ्यासक्रमात तौलनिक साहित्य आहे, लोकसाहित्य आहे. पण पश्चिमेकडच्या या शेजाऱ्यांची कविता तेथे क्वचितच येते. पुढील वर्षी लोकसाहित्याच्या तासाला ओवीबरोबर घिन्नावाची ओळख करून द्यायची, आणि त्या वेळी फळ्यावर काढलेल्या नकाशात एडनच्या शेजारी मुंबई दाखवायची, असे मी ठरविले आहे. वर्गातल्या एखाद्या मुलीचा बाप किंवा भाऊ त्या नकाशातील एखाद्या शहरात कामाला असेल. तो तेथे काय ऐकतो, हे तिला विचारता येईल.